पूर्वेचा कठडा

४ मार्च

ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

सोमवारी पोचले आणि त्याच दुपारी तलावावरच्या तपासणी केंद्राचा चार्ज घेतला. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं दादा आपल्या मनाने सांगतो, म्हणून पत्रच बरं. कानाचं यंत्र अजून खणातच आहे म्हणे. अधूनमधून चार्जिंगला तरी लावत जा, नाहीतर तुमच्यासारखं तेही रिटायर होईल.

क्वार्टर आपलंच मिळालं, केंद्राच्या गच्चीखालचं. मी आईच्या खोलीत झोपते. तिची लोखंडी खाट तशीच आहे, आखूड पायाखाली तुम्ही घातलेल्या पुठ्ठ्याच्या घडीसकट. खिडकीची पट्टी सकाळी पुसली तरी संध्याकाळी बोट पांढरं होतं. ऑफिसात खुर्चीच्या मागे तुमचं प्रशस्तिपत्र टांगलेलं आहे, तेवीस वर्षांत एकही नोंद न चुकवल्याबद्दलचं. त्याच्याकडे पाठ करून बसायचा धीर होत नाही, म्हणून मी खुर्ची फिरवून घेतली.

नावाडीकाकांनी पहिल्याच दिवशी मला होडीत डावीकडे, तुमच्या जागेवर बसवलं. म्हणाले की होडीला तुझ्या बापाची सवय आहे, तिला बदल हळूहळू सांगावा लागेल. पाचही ठिकाणच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. मधल्या खुंटापाशी पाण्यावर पिठासारखा पातळ थर होता. काकांनी तो वल्ह्याने बाजूला सारला. मी त्यांना थांबवलं आणि थरासकट बाटली भरली.

एक विचारायचं होतं. हवेतली धूळ मोजायचं यंत्र गच्चीच्या पूर्वेच्या कठड्यावर असावं, असं केंद्राच्या नकाशात आहे. कठड्यात त्याचे चार बोल्ट अजून गंजत उभे आहेत. यंत्र मात्र पश्चिमेला, पाण्याच्या टाकीमागे आहे. ते कधी हलवलं? विचारायचं कारण असं की पूर्वेच्या खडी क्रशरला आणखी दहा वर्षांची परवानगी हवी आहे आणि महिनाअखेर साहेबांना मागच्या बारा वर्षांची सरासरी पाठवायची आहे. हवा स्वच्छ निघाली तर परवानगी मिळेल. तुमच्या वह्या मोत्यासारख्या अक्षरात तयारच आहेत, मला फक्त बेरीज करायची.

गुडघ्याला तेल लावता ना? रागवा, पण लिहीत राहा.

तुमची,
मोजपट्टी


९ मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. दूध पिण्याआधी पेल्यावर पट्टी लावून दादापेक्षा बोटभर कमी आहे म्हणून भोकाड पसरणारी माझी मुलगी आज माझ्या खुर्चीवर बसते, याची मजा वाटते. खुर्चीचा उजवा हात हलतो, त्यावर भार टाकू नकोस.

इकडे सगळं ठीक. सूनबाई काळजी घेते, नातवंडं ओरडून बोलतात. कानाच्या यंत्राचा आग्रह तू तरी करू नकोस. घालून ऐकावं असं आता उरलंय काय? पंख्याची घरघर आणि दादाचे उपदेश.

बाटली भरण्याआधी त्याच पाण्याने तीनदा विसळायची. झाकण आतून बोटाने पुसायचं नाही. नावाडी होडीत विडी ओढेल, त्याला दटाव. ओरडलं की तो उलट गाणं म्हणतो, ते मनावर घेऊ नकोस.

गच्चीवरचं यंत्र आहे तिथेच राहू दे. जड आहे, तुझी पाठ दुखेल आणि बोल्टही कुजले असतील. चाललेली घडी विस्कटू नये. तू बेरीज कर आणि पाठवून दे.

जेवण वेळेवर घे. तुझ्या आईची उशी वापरत असशील तर उन्हात टाक.

तुझ्या सुखाची वाट पाहणारा,
बाबा


१७ मार्च

ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

उशी उन्हात टाकली.

तुमचं ऐकलं नाही. प्रयोगशाळेतून दुसरं यंत्र मागवून घेतलं आणि ते नव्या बोल्टांवर पूर्वेला बसवलं. तुमचं यंत्र टाकीमागे तसंच ठेवलं. दोन्ही एकाच वेळी चालू केली आणि एकाच वेळी बंद. चोवीस तासांनी फिल्टर पेपर काढले. टाकीमागचा नेहमीसारखा गोरा. पूर्वेचा काढताना मला आधी वाटलं की माझ्या सावलीमुळे तो काळपट दिसतोय. मी बाजूला सरकले, कागद तसाच राहिला.

तीनदा वजन केलं. टाकीमागचा आकडा चाळीसच्या घरात, तुमच्या वहीत असतो तसा. पूर्वेचा दोनशे बारा. मर्यादा शंभरची आहे. पुढे सलग तीन दिवस चालवलं, तरी तेच. वारा क्रशरकडून येतो आणि टाकी त्याला अडवते, एवढं साधं आहे. मधल्या खुंटाच्या बाटलीतही तीच खडीची पूड बसली आहे. हेच पाणी गाळून खाली सगळ्या शहराच्या नळाला जातं. गाळणी धुणारा म्हणतो की पूर्वी ती महिन्याला धुवायचो, आता आठवड्याला धुतो, पण त्याला कुणी विचारलंच नाही.

बारा वर्षांपूर्वीची वही काढली. तुमच्या अक्षरात एकच ओळ आहे, सोयीसाठी जागा बदलली अशी. कुणाची सोय, बाबा?

मी हे का विचारते ते तुम्हाला ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी आईचा खोकला वाढला तेव्हा मी तिला न्यायला आले होते. तुम्ही नाही म्हणालात. मी रुसून परत गेले आणि आठवड्याने तुमचं पत्र आलं. त्यात दोन रकाने होते, माझ्या शहरातली हवा आणि इथली हवा, बारा महिन्यांची. इथली धूळ निम्म्याहून कमी. ते पत्र माझ्याकडे अजून आहे. तुमच्याशी मी भांडले असते, पण आकड्यांशी भांडायचं मला कुणी शिकवलंच नव्हतं. मी गप्प बसले, आणि दोन वर्षांनी आपण तिला पोचवून आलो.

इथल्या पहारेकऱ्याच्या बायकोला खोकला आहे. दोन छोटे आणि मग एक लांब. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातलं काम टाकून दारापर्यंत गेले होते.

तीस तारखेला अहवाल जायला हवा. बेरीज अजून केलेली नाही.

उत्तर द्या. कसंही असलं तरी द्या.

मोजपट्टी


२२ मार्च

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो. सूनबाईने ते सदऱ्यासकट धुवायला नेलं तेव्हा तिच्यावर ओरडलो. ती बिचारी रडली. म्हणून आज लिहायला बसलो.

यंत्र मी हलवलं. नावाडी आणि मी, भर दुपारी. त्याला विचारशील तर नाही म्हणेल, मीच त्याच्याकडून तसं वचन घेतलंय. त्याला यात ओढू नकोस.

आठवड्यातले दोन दिवस ते चोवीस तास घोंघावायचं आणि त्याच्या बरोबर खाली तुझ्या आईची खाट. ती तक्रार करणारी नव्हती. सकाळी विचारलं की छान झोप झाली म्हणायची. एकदा चादर बदलताना गादीखाली कापसाचे बोळे सापडले, कानात घालायचे. मूठभर होते. मोजले नाहीत. मोजायला हवे होते.

यंत्र टाकीमागे नेलं त्या रात्री ती झोपली ती थेट सकाळी आठपर्यंत. चहा मी केला. उठल्यावर तिने विचारलं की आज यंत्र बंद होतं का. मी हो म्हटलं. त्या दिवशी मी होडीत गाणं म्हटलं होतं, नावाड्याला अजून आठवत असेल.

आकडे खाली आल्याचं मला कळलं नाही, असं लिहिणार होतो. पण कळलं होतं. क्रशर तेव्हा लहान होता, तसंही मर्यादेतच आहे असं मनाशी म्हटलं. पुढे क्रशर वाढला, आकडा तेवढाच राहिला, आणि वर्षानुवर्षं आपल्याच हाताने लिहिलेलं मला खरं वाटायला लागलं. डॉक्टरांनी हवा कशी आहे विचारलं तेव्हा मी वही नेऊन दाखवली. ते म्हणाले की मग दुसरं काही कारण शोधू. तुला पाठवलेले रकाने त्याच वहीतले. फसवत नव्हतो गं. तिला चांगल्या हवेत ठेवलंय, असंच वाटत होतं.

अहवालात माझं नाव घाल. मला झाकायला जाऊ नकोस, मी जन्मभर झाकायचंच काम केलं असं होईल.

एक मागतो. तो पूर्वेचा कागद मला पाठव. एकदा हातात घेऊन बघायचाय.

बाबा


३१ मार्च

ति. बाबांना,
सा. न. वि. वि.

अहवाल काल गेला. बारा वर्षांच्या हवेच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत, असं लिहून खाली सही केली. करून पाहिलं तर अक्षर तुमच्या वळणाचं आलं होतं.

जागा बदलण्याच्या कारणाचा रकाना होता. पत्नीला झोप लागावी म्हणून, असं लिहिलं. मसुदा आधी साहेबांना दाखवला होता, तो वाचून त्यांचा फोन आला. त्यांचं म्हणणं, हे काही कार्यालयीन कारण नव्हे, तांत्रिक अडचण असं लिही, तुझ्या वडिलांनाही ते सोयीचं जाईल. मी म्हटलं की सोयीसाठी हा शब्द या केंद्रात एकदा वापरून झाला आहे.  मग आहे तसाच पाठव म्हणाले.

क्रशर बंद झालेला नाही. तीन महिने पूर्वेच्या कठड्यावरून नव्याने मोजायचं आणि मग ठरवायचं, असं आहे. तोवर तो जुन्या परवानगीवर चालूच. पहारेकऱ्याला मी आकडे दाखवले. त्याने बायकोला तिच्या बहिणीकडे पाठवलं आहे. जाताना तिने मला विचारलं की तीन महिन्यांत काय होणार. मी तिची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

तुमच्या नावाने चौकशीचं पत्र येईल, दादाच्या पत्त्यावर. पेन्शनचंही विचारतील. प्रशस्तिपत्र उतरवायला सांगितलं होतं, ते मी उतरवलं आणि कपड्यात गुंडाळून आईच्या खाटेखाली ठेवलं. एकही नोंद चुकवली नाही, हे त्यात लिहिलेलं आहे आणि ते खरंच आहे.

तुमच्यावर राग आहे का ते मला अजून कळत नाही. कापसाच्या बोळ्यांचं वाचलं आणि गादी उचलून पाहिली. काहीच नव्हतं.

कागद पाठवता येणार नाही. नोंदीचा कागद केंद्राबाहेर न्यायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत. बघायचा तर इथे यावं लागेल. मी स्वयंपाकघरात झोपेन, तुम्ही आईच्या खोलीत. यंत्र आता पुन्हा बरोबर वर आहे आणि झोप लागू देत नाही. पण तुम्हाला ऐकूच येत नाही, तेव्हा या घरात त्याचा त्रास न होणारे तुम्ही एकटेच.

या म्हणते आहे, एवढं लक्षात घ्या.

मोजपट्टी


५ एप्रिल

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद.

येतो. दादा गाडीत बसवून देईल. नावाड्याला सांग, डावीकडची जागा तुझीच राहू दे, मी मधे बसेन.

यंत्र चालायचे दिवस मंगळवार आणि शुक्रवार हेच असतील तर सोमवारी पोचतो.

कानाचं खणातून काढलंय. सूनबाईने चार्ज करून दिलं. घालून येतो.

बाबा