गिझर कुणाच्या यादीत?

वाशी,
३ नोव्हेंबर १९८५

ती. दादास,
नंदिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझी विमा कंपनीतली नोकरी आज पहिल्यांदाच बहिणीच्या कामी येणार आहे, तेव्हा ऐट जरा बाजूला ठेवून वाच. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही गिझर घेतला. सहा डिसेंबरला दादरला जायला ती येईल, तेव्हा तिला आंघोळीला कढत पाणी मिळेल.

पण वरच्या मजल्यावरच्या काशीताईंचा गिझर जळाला आणि हाती काही आलं नाही. सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय, तो विमावाला म्हणाला हे घरातलं सामान. सामानाचा विमावाला म्हणाला ही तर इमारत. तेव्हापासून ह्यांनी माझं डोकं खाल्लंय. आमचा कशात धरायचा ते कळव. नळाला हात लावला की मुंग्या येतात, बाकी पाणी झकास तापतं.

लोभ आहेच, तो आईबरोबर शेंगदाण्याच्या लाडवांसकट पाठव.
तुझी नंदिनी

नांदेड,
१० नोव्हेंबर

चि. सौ. नंदिनीस जयभीम व आशीर्वाद.

नोकरीच्या सोळा वर्षांत पहिल्यांदाच घरातल्या कुणीतरी मला विम्याचं विचारलं! मारोतरावांना सांग, नियम सोपा आहे. घर सोडताना जे काढून नेता येतं ते सामान. भिंत फोडल्याशिवाय निघत नाही ते इमारत. तुमचा गिझर दोन स्क्रूंवर टांगलेला, म्हणजे सामान. यादीत त्याचं नाव घाला, बिल जपून ठेवा आणि निर्धास्त राहा.

आई आतापासूनच पिशवी भरतेय. माया असू दे.
शिवराम

वाशी,
२४ नोव्हेंबर

ती. दादास सविनय जयभीम.

तुझ्या नियमाने ह्यांना भलतंच स्फुरण चढलं. इमारतीचा हप्ता सोसायटी भरते, मग गिझर इमारतीतच का नको? गवंडी आणून तो विटांत चिणून टाकला. फक्त नळ बाहेर. एक हिरवी वायर लोंबत होती, ती गवंड्याने कापली आणि वरून गिलावा केला. सेक्रेटरींनीही येऊन मान डोलावली.

मुंग्या मात्र वाढल्यात. काल हात झटक्याने मागे आला. मी लाकडी पाटावर उभी राहते, मग काही होत नाही. हे म्हणतात, नवीन आहे, बसेल हळूहळू.

आईला सांभाळून गाडीत बसव. आठवण ठेव.
नंदिनी

नांदेड,
४ डिसेंबर

नंदा,

दौऱ्यावरून आज संध्याकाळी आलो आणि तुझं पत्र वाचलं. आईची एसटी तासाभरापूर्वीच सुटली होती. धावत जाऊन तुम्हाला तार केली. तारेत सगळं मावत नाही म्हणून हे लिहितो.

विमा गेला खड्ड्यात. ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग, गिझरमधून गळणारा करंट ती जमिनीत नेते. ती कापली, आता तो करंट नळात आणि पाण्यात उतरतो. मेन स्विच बंद करा. आईला तिथे पाऊल टाकू देऊ नकोस. मुंग्यांचं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी वाचलंही होतं. शहाणपण सांगण्याच्या भरात त्यावर एक ओळ लिहिली नाही, माझीच चूक. मला फार भीती वाटते आहे.

शिवराम

वाशी,
५ डिसेंबर

ती. दादास सविनय जयभीम.

आई सकाळी सुखरूप पोचली. लाडू मिळाले, थोडे फुटलेत. तिच्या मागोमाग तुझी तारही आली: ‘गिझर वापरू नका. भिंत फोडा. पत्र मागाहून.’ हे पोट धरून हसले. म्हणाले, दादांच्या कंपनीने नियम बदलला वाटतं, गिझर पुन्हा सामानात गेला! अरे, एवढ्यासाठी तार कशाला? मी क्षणभर घाबरलेच होते. भिंत फोडायला गवंडी रविवारी येईल, ह्यांनी कबूल केलंय.

प्रवासाने आईचं अंग आंबून गेलंय. गुडघ्यांमुळे तिला पाटावर चढता येईना, म्हणून मी तो बाहेर काढून ठेवला. आत्ताच ती आंघोळीला गेली आहे. प्रौढशाळेत शिकलेल्या अक्षरांत तुला दोन ओळी लिहायच्यात म्हणाली. खाली जागा सोडते. ती आली की लिहून घेते आणि मगच पाकीट चिकटवते.