आर्तेमिसदेवीचा नैवेद्य

चारठाणा, ८ जानेवारी १९८४

तीर्थस्वरूप दाजींना चंद्रभानचा दंडवत. अक्काची कंबर आता वळते का? तुमचा थंडीतला खोकला कसा आहे? इकडे सगळे धडधाकट आहेत. डुकरं तर फारच.

तुम्ही कॉलेजात ग्रीकांचा इतिहास शिकवता, आणि दिवाळीत आमच्या ओसरीवर त्यांच्या शिकारी देवतांची बिरुदं माझ्याकडून पाठ करून घेतलीत, तिथून हे लागलं. (झोप आली होती, पण दाजींसमोर जांभई कशी द्यावी?) ज्वारी हुरड्यात आली तशी रानडुकरं आली. डुकरं हाकताना खंडोबाच्या नावाने आरोळी द्यायची आपली रीत. आम्ही रोज द्यायचो, डबे बडवायचो. डुकरं ऐकून घ्यायची आणि खायची. एका सांजेला माझ्या तोंडून 'आग्रोतेरा' निघालं, म्हणजे तुमची ती आर्तेमिस, शिकारीण. नेमका कळप पळाला. (सिताराममामांचं कुत्रं तेव्हाच सुटलं होतं, हे मी बोललो नाही.) ही बाई कोण, असं सगळे विचारू लागले आणि मी फुगलो. 'एलाफेबोलोस', हरणावर बाण टाकणारी. 'थेरोक्तोनोस', श्वापदं मारणारी. असं करत थेट 'पोत्निया थेरोन'पर्यंत गेलो. रानातल्या श्वापदांची मालकीण.

चांगुणाकाकूंनी हात जोडले. "म्हंजी डुकरं तिची हायेत. आन् आमी तिच्याच जित्राबाला धोंडे मारायलोत."

नाव घेऊन बोलावलेल्या देवाला आपल्यात उपाशी ठेवत नाहीत. माझ्याच बांधावर दगडाला शेंदूर लागला. गाव रोज नैवेद्य ठेवतं, डुकरं तो खातात, लोक म्हणतात देवी पावली. मग वर माझी ज्वारी. मी डबा हातात घेतला तर शेजारचा वैजीनाथ (त्याच्या वावरात ज्वारीचं एक ताट मोडलेलं नाही) म्हणाला, "चंद्रभान, देवी जेवायलीय. गप बस की जरा."

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ता. क. खरं काम हे : वर्षाचं धान्य त्या वावरात उभं आहे. मंगळवारी गाव तिथे जमतं. एस.टी.ने या आणि देवी ग्रीसला परत गेली, असं चारचौघांत सांगा. तुमचं ऐकतील, तुम्हाला चष्मा आहे.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. येऊ नका. आमच्या कुसुमला स्वप्न पडलं आणि देवी वाजतगाजत वैजीनाथच्या बांधावर गेली. नैवेद्य तिकडे, डुकरं तिकडे. वैजीनाथ तुमचा पत्ता मागत होता, दिला आहे. त्याचं पत्र आलं तर एवढंच कळवा, की ही देवी जागा एकदाच बदलते.