ट्यूब चोरीला गेल्याची हकीकत

कोचीन, १९९९

तीर्थस्वरूप लालासाहेब मामांस,

भाचा गुंडा याचा कोचीनहून वाकून नमस्कार. मामी बऱ्या हायेत ना, तुमचा पलटणीतला गुडघा थंडीत दुखतो का, म्हशीला रेडी झाली का रेडा, सगळं सविस्तर कळवा. मी मजेत. गलाईच्या भट्टीवर सोनं आटवून रंग तेवढा भट्टीचा झालाय.

सुट्टीत जतला पोरगी बघायला एस.टी.नं जा म्हणून तुमी बजावलं असताना सायकलीवर का गेलास, असं तुमी रागानं विचारलंत. त्याचं असं झालं, इथल्या लॉजवरचा एक जर्मन पाहुणा देशाला जाताना आपली गियरची, जाड टायरची सायकल मला देऊन गेला. (मी त्याला आईची लसणाची चटणी दिली. खाऊन रडला बिचारा, पण प्रेमानं.) ती रेल्वेनं मिरजेला आणली आणि म्हसवडला घरी नेली. तिकडं पोरीच्या वडलांचा, जोतिबा पाटलांचा निरोप होता, चारच्या आत या, उद्या दुसरं स्थळ येतंय. ते स्थळ मोटरसायकलवर येणार, असंही कळलं. म्हणलं, मोटरसायकली गावोगाव झाल्यात, असली सायकल साऱ्या जत तालुक्यात न्हाई. पहाटेच निघालो.

दिघंचीपाशी बाभळीचा काटा मागच्या चाकात गेला. तिथं आप्पासो पंक्चरवाल्यानं टायर उघडला, आत हात फिरवला आणि माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच काहीतरी लपवलंय. आत ट्यूबच न्हवती. पाचपन्नास माणसं गोळा झाली. आप्पासोनं निकाल दिला की रेल्वेत कुणीतरी ट्यूब काढून घेऊन टायर परत बसवलाय. एका म्हाताऱ्यानं विचारलं, मग हा सकाळपासून कशावर आला? तर आप्पासो म्हणाला, "थोडी हवा शिल्लक राहिली आसंल." हे सगळ्यांना पटलं. (मलापण पटलं, मामा, खोटं का सांगू.) मग आपल्याकडचा जाड वॉल्व्ह मावावा म्हणून त्यानं रिमचं भोक कानशीनं मोठं करून तीन ठिगळांची जुनी ट्यूब बसवली.

आटपाडीच्या पुढं ती पण बसली. ठिगळं माझ्याकडं होती, पण भोक शोधायला पाणी पाहिजे आणि त्या वाडीत पाणी टँकरचं. बनुबाई म्हणून एक म्हातारी होती, तिला घमेलंभर पाणी मागितलं तर म्हणाली, "माणसांनी प्यायचं का तुझ्या चाकानं?" आधी तिच्या आठ घागरी घरी पोचवल्या, मग घमेलं मिळालं, आणि ते पाणी नंतर म्हशीपुढं ठेवलं.

जतला पोचलो तवा चारला दहा मिनिटं होती. अंगावर धुरळा, शर्टावर काळं तेल. पाटलांनी शिक्षण विचारलं, मी मॅट्रिक सांगितलं. नंतर सगळे सायकल बघायला अंगणात आले. मी चोरीची हकीकत रंगवून सांगितली, पाटील रेल्वेवर लय चिडले आणि पान आणायला आत गेले. तेवढ्यात संयोगिता (पोरीचं नाव, बारावी झालीय) टायरपाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "ट्यूबलेस लिहिलंय की हितं. म्हंजे बिनट्यूबचा." मी म्हणलं, मला ते कंपनीचं नाव वाटलं. पदर तोंडाला लावून ती म्हणाली, "मॅट्रिकला इंग्रजी न्हवतं व्हय?"

मामा, मला तीच पाहिजे.

तुमचा,
गुंडा

ता.क. चौकशीला पाटील पुढच्या महिन्यात मलकापूरला तुमच्याकडं येणार हायेत. तुमी पलटणीतला माणूस, तुमच्या शब्दाला वजन हाय. भाचा मॅट्रिक हाय एवढंच म्हणा. शाळा पाचवीलाच सुटली, ते काढू नका. खरं तर पत्र याचसाठी लिहिलं.

ता.क. दुसरा. पत्र आठ दिवस खिशातच राहिलं, आणि काल जतहून आंतरदेशीय पत्र आलं. खाली नाव तिच्या भावाचं, ऋषिराजचं, पण वर लिहिलंय ‘श्री. मॅट्रिकवाले’. मी मॅट्रिक न्हाई हे तिनं तवाच ओळखलं आणि घरी सगळं सांगून टाकलंय. पाटील तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "मग तूच शिकीव त्याला." तवा मामा, खोटं बोलू नका, फक्त लग्नाची तारीख धरा. आणि तुमच्या ट्रंकेत पलटणीतलं इंग्रजीचं पुस्तक असंल तर लगेच पोस्टानं धाडा. तिनं पत्राच्या शेवटी इंग्रजीत एक ओळ लिहिलीय, आणि असली खासगी ओळ हितं मी कुणाकडनं वाचून घेऊ?