कच्च्या पिठाचा वास

आबा, आज वर्गात उंदराचं पोट फळ्यावर काढलं. जठराखाली फिकट गुलाबी, चरबीसारखं पसरलेलं स्वादुपिंड. दरवर्षी तेच सांगते: कच्च्या सोयाबीनमध्ये पाचक रसाला अडवणारं काहीतरी असतं, मग स्वादुपिंड जास्त रस करू पाहतं आणि राबून राबून फुगतं. पीठ नीट शिजवलं की तसं होत नाही. एका मुलीने विचारलं, "मॅम, पीठ अर्धवट शिजलं तर?" मी म्हटलं, "तर प्रयोग फुकट जातो." आणि तोंडात आंबट पाणी आलं. घरी येऊन दोनदा चूळ भरली, तरी ते जात नाही.

तू मिठागर सुटल्यावर त्या प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीवर लागलास तेव्हा मी बारावीत होते. संध्याकाळी तू दारात आलास की मुताचा आणि ओल्या भुशाचा वास तुझ्याआधी घरात यायचा. मी ताट उचलून आतल्या खोलीत जायचे. तू मागच्या दारी दगडावर बसून साबण घासत राहायचास, आणि मी आत नाक दाबून जेवायचे. मला तुझी किळस यायची, आबा. लिहिते तशीच, कमी करून नाही.

पुढे एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी मी त्याच खोलीत आले. आपलं आडनाव अर्ध्या गावाचं, त्यामुळे तू माझा बाप का, असं कुणी विचारलं नाही. तुला सगळे मामा म्हणत, मीही मामा म्हणू लागले. घरी तू, तिथे तुम्ही. तूही मला ताई म्हणायचास, इतक्या सहज, की मला वाटायचं तुला त्याचं काही वाटत नसेल.

निम्म्या उंदरांना कच्चं पीठ, निम्म्यांना वाफवलेलं. वाफवायचं काम माझं. त्या दिवशी मैत्रिणी कर्नाळ्याला फिरायला निघाल्या होत्या, खाली रिक्षा थांबली होती. मी भांडं वेळेआधी उतरवलं, पीठ सुकवायला पसरलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी तू चिमूटभर पीठ हातावर घेऊन माझ्यापाशी आलास. मैत्रिणी शेजारीच होत्या.

"ताई, ह्ये कच्चंच हाय. वास बघा."

"मामा, तुम्ही पिंजरे धुवा. पिठाचं आम्ही बघतो."

एक जण हसली. तू पीठ परत डब्यात टाकलंस आणि हात विजारीला पुसलास.

चार आठवड्यांनी उंदीर कापले. दोन्हीकडची स्वादुपिंडं सारखीच मोठी. तराजूवर एकेक ठेवताना मला कळत होतं, आणि बोटांना लागलेला तो चिकट ओलावा मी पुन्हा पुन्हा पुसत होते. माझ्या मार्गदर्शक सरांनी आकडे पाहिले आणि तुला बोलावलं. तू सगळ्यांना एकच पीठ घातलंस का, असं विचारलं. मी टेबलाच्या या बाजूला उभी होते. तू माझ्याकडे एकदाच पाहिलंस.

"आसंल सर. माज्या हातून जालं आसंल."

कंत्राटावरचा माणूस, त्याच आठवड्यात काढला. बसस्टॉपपर्यंत आपण बरोबर चाललो. तू म्हणालास, "बाय, सरांना काय बोलू नको. तुजं शिक्षन हाय." मग बस आल्यावर, "त्ये उंदीर मातर उगाच मेलं."

नवे उंदीर आले. या वेळी पीठ मी पूर्ण शिजवलं. निकाल पुस्तकात असतो तसा आला, पहिला वर्गही मिळाला. तू द्रोणागिरीला एका गोदामाच्या फाटकावर रखवालदार झालास. गणवेश स्वच्छ होता, कसलाच वास येत नव्हता. तरी घरी आलास की सवयीने मागच्या दारी जाऊन दगडावर बसायचास, आणि मी आत बसून तो साबणाचा आवाज ऐकायचे. मी कधी म्हटलं नाही की पुढच्या दाराने ये.

तू जाऊन अकरा वर्षं झाली. आई आता माझ्याकडे खांदा कॉलनीत असते. तुझा विषय निघाला की ती सरांना शिव्या देते. "त्या मास्तरनं माज्या मानसावर आळ घेतला," म्हणते. मी तिच्यासमोर भाजी निवडत बसते आणि मान हलवते. ती मान हलवतानाची मी मला दिसते, आणि ओकारी येते.

सरांनी आळ घेतला नव्हता, आबा. त्यांनी मला एवढंच विचारलं होतं की चूक कुठे झाली असेल. तुझं नाव मी घेतलं. तू अजून खोलीत यायचा होतास.

हे पत्र ज्याला द्यायचं तो नाही. आई आहे, पण तिला वाचता येत नाही, आणि मी तिला वाचून दाखवणार नाही.