आखाजीचं ड्रॉप इन

ती. नर्मदाआक्का,

कळसाडीहून धाकट्या दोधूचा नमस्कार. धानोऱ्याला तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत बरी, मन मात्र ठिकाणावर नाही. (पत्र अशासाठी, की फोनवर बोलायला लागलो की कोकिळा कान देऊन ऐकते आणि डोळ्याला पदर लावते.)

चेतनाची लग्नानंतरची ही पहिली आखाजी. पुण्याला फोन करून विचारलं, मुराळी होऊन न्यायला कधी येऊ? तिचा मेसेज आला, 'नको आप्पा, मीच ड्रॉप इन करते.' आता या ड्रॉप इनमध्ये मुक्काम किती दिवसांचा ते कळेना, म्हणून छगन मास्तरांकडे गेलो. (रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी काही विचारत नाही. मला चहा पाजून शिकवलं.) म्हणाले, ड्रॉप इन म्हणजे जाता जाता डोकावणं, यात मुक्काम बसत नाही. मला रागच आला. कळसाडीवरून जाता जाता माणूस जाणार तरी कुठे? अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी राहायला येते, इंग्रजांना काय ठाऊक आखाजी, असं म्हणत घरी आलो आणि निंबाला झोका बांधला. कोकिळेने मांड्यांसाठी चुलीवर खापर चढवलं, आठवडा पुरतील एवढे आंबे अढीत घातले.

आक्का, मास्तर खरे निघाले. जावई मित्रांना घेऊन तोरणमाळला निघाले होते आणि आमचं गाव वाटेत पडलं. दारात गाडी चालूच. पोरीने मांडा उभ्याउभ्या खाल्ला, झोक्यावर बसून फोटो काढला, पाया पडली. मी जावयांसाठी टोपी-उपरणं आणायला आत गेलो, बाहेर येतो तर नुसती धूळ. कोकिळा म्हणते, 'पोर उनी आनि गयी, माले काही समजनंच नही.' मी तिला ड्रॉप इनचा अर्थ नीट समजावून सांगितला, तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. उरलेले मांडे मी एकट्याने खाल्ले, पोट बिघडलं. फार वाईट वाटलं गं आक्का.

भाच्यांना आशीर्वाद.

तुझा
दोधू

ता. क. : मास्तरांकडून मुक्कामाचा शब्दही आणलाय, 'स्टे ओव्हर'. चेतना तुझं ऐकते. तिला फोन कर आणि दिवाळीला स्टे ओव्हर कर म्हणून सांग. मराठीत 'राहा' म्हटलं की ती 'बघू' म्हणते.

ता. ता. क. : आप्पांना वाईट वाटलं का, असं तिने विचारलं तर 'नाही' म्हण. पण लगेच म्हणू नकोस.