आखूड दांड्याची कुऱ्हाड

गोरेगाव, सोमवार, पौष, २००१

चार दिवस वहीला हात लावला नाही, चुकलंच. आज मात्र लिहितोच.

बाजारात घिसाड्याकडून हातभर दांड्याची कुऱ्हाड घेतली, तेव्हापासून जिवाला घोर. आखूड तर झाली नाही? दांडा ढिला वाटला, म्हणून रात्रभर बादलीत बुडवून ठेवली. लाकूड फुगून घट्ट बसतं. बायको म्हणाली, "लोखंड शिजवून राहिले का?" डुकराच्या शिकारीला निघताना जावई रघुनाथही हसला, "मामा, ही लेकराची कुऱ्हाड! तुमी घरीच बसा." तरी गेलो.

डोंगरात त्याचा कुत्रा मोत्या डुकरामागे बोराटीच्या जाळीत घुसला अन् अडकला. रघुनाथची लांब कुऱ्हाड उगारायला तिथं जागाच नव्हती. मी पोटावर सरपटत शिरलो, आखूड दांड्यानं फांद्या तोडल्या, मोत्याला बाहेर ओढलं. दांडा जरासुद्धा हलला नाही! डुक्कर पळालं, पळू दे.

मोत्याला छातीशी धरून रघुनाथ म्हणाला, "मामा, पुढल्या खेपेला तुमी म्होरं."

म्हणाला खरं, पण विसरला तर? जावईबापू, निरोप लवकर धाडा. मी तयार आहे.