वाढवलेली चार वर्षं

६ ऑगस्ट २००१

नाही म्हणाला! मिरजोळ्याच्या कंपनीतला कँटीनवाला हरिश्चंद्र. आणि चूक माझीच. छत्तीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केला, हे त्याला पटावं म्हणून जहाजावरच्या नोकरीचं पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. शिक्के कोण बघतो? जन्मतारीख बघितली. "चाचा, बासष्ट! कंपनीला साठच्या आतला माणूस हवा."

म्हटलं, मी अठ्ठावन्नचा. पंधराव्या वर्षी जहाजावर घेईनात, म्हणून चार वर्षं वाढवून सांगितली होती.

तो हसला. "वय कमी आहे म्हणणारे सगळेच येतात. पण ही गोष्ट नवीन!"

खरं बोललो आणि खोटा ठरलो.

७ ऑगस्ट

मुलाचा, रेहानचा करार या महिन्यात संपतो. कुवेतहून म्हणतो, आणखी तीन वर्षांची सही करतो. त्याची झारा अडीच वर्षांची — बापाला फक्त फोटोत बघते, फोटोलाच बिस्किट भरवते! मला नोकरी लागली तर त्याला ये म्हणता येईल. घरात कुणाला हे बोललो नाही. बायकोला, ताजबीला वाटतं, मला घरात बसवत नाही म्हणून फिरतो.

९ ऑगस्ट

शाळेत दाखला मागायला गेलो. चौथीत शाळा सोडली, त्यानंतर आजच. पायरीवर चपला काढल्या आणि हात आपोआप पाठीमागे लपवले — आता कोण छडी मारणार आहे मला? तरीही! लवू क्लार्क म्हणाला, "जुन्या रजिस्टरला वाळवी लागलीय, चाचा. बघतो. सोमवारी या."

१० ऑगस्ट

सापडलं नाही तर?

११ ऑगस्ट

सापडलं, आणि त्यात पासष्ट निघाले तर?

१३ ऑगस्ट

सापडलं! माझ्या वरच्या ओळीतल्या पोराचं अर्धं नाव वाळवीने खाल्लंय, माझी ओळ शाबूत. जन्म १९४३. अठ्ठावन्न!

ताजबीला दाखवलं. तिचा जन्म एकेचाळीसचा, तिच्या वडिलांनी लिहून ठेवलेला. निकाहाच्या वेळी मी जहाजाचंच वय सांगितलं होतं. ती बघतच राहिली. "म्हणजे मी मोठी? आणि इतकी वर्षं मीच तुमचं ऐकत आले!"

दुपारपासून हुकूम सुरू. "वजीर, पाणी आण." सून महरीन ओढणी तोंडाला लावून हसते. मी पाणी आणलं.

१४ ऑगस्ट

हरिश्चंद्रने दाखला उलटासुलटा करून बघितला. "वयाचं जमलं. आता हात बघू. परवा सकाळी या."

१६ ऑगस्ट

दीडशे माणसांचं जेवण. डाळीत मीठ घातलं की नाही, आठवेना! चाखली, तर घाबरून जिभेला काही कळेना. शेवटी भांडी घासणाऱ्या गंगाबाईला वाटीत दिली.

"मीठ बरोबर आहे, चाचा. तुम्हीच अळणी झालायत."

पातेलं रिकामं झालं. हरिश्चंद्रने स्वतः दोनदा भात घेतला. सोमवारपासून कामावर! वाटेत झारासाठी जिलबी घेतली.

१७ ऑगस्ट

एसटीडी बूथवरून कुवेतला फोन. म्हटलं, सही करू नको, मला नोकरी लागली. मग रेहान म्हणाला, "अब्बा, सही कसली? कंपनी महिन्यापूर्वीच बंद झाली. तुम्ही काळजी कराल म्हणून बोललो नाही. इथे दारोदार काम शोधतोय."

म्हटलं, मला या वयात मिळालं, तू तर तिशीतला. इथे येऊन शोध. तिकीट काढ!